रविवारच्या लाथा

गोठ्यात आता गाय नाही. भावजीची मोटारसायकल आहे, तिच्यावर खताच्या रिकाम्या पोत्यांची घडी आहे, आणि कोपऱ्यात सागाचा खांब होता तिथेच आहे. जमिनीपासून दोन-अडीच हातांवर तो अजून चमकतो. वर भुरका, खाली शेणामातीचा, आणि मध्ये वीतभर पट्टा असा गुळगुळीत, की बोट ठेवलं तर आपोआप घसरतं. नवख्या माणसाला वाटेल, गुरं अंग घासत असतील. गुरांनी नाही घासलं. आजूबाजूच्या पाच-सहा गावच्या माणसांनी तो पट्टा दोन्ही हातांनी धरला, वाकून, डोळे मिटून, आणि मागून मी त्यांच्या कमरेत लाथ मारली.

हे वाचून कुणी मला उद्धट समजू नये. मी आयुष्यात उद्धटपणा केलेला नाही, तेवढी हिंमतच नव्हती. रेल्वेत टीसीनं तिकीट बघून परत दिलं, तरी मी त्याला धन्यवाद म्हणते. लाथा मारल्या त्या लोकांनी मागितल्या म्हणून मारल्या, आणि प्रत्येक लाथेनंतर नमस्कार केला.

गोष्ट अशी, की मी पायाळू. म्हणजे जन्मताना जिचे पाय आधी बाहेर आले ती. आमच्याकडे मानतात, की पायाळू माणसाच्या पायात गुण असतो. कुणाच्या कमरेत चमक भरली, उसण भरली, तर पायाळूनं हलकीशी लाथ मारायची, चमक निघून जाते. बोर धरणाच्या अलीकडं, हिंगणीच्या वाटेवर आमचं गाव. डॉक्टर सेलूला. सेलूपर्यंत एसटीत बसून जायचं, तर कंबर सरळ लागते. ती सरळ असती तर जायचं कशाला? म्हणून लोक माझ्याकडे येत.

या खेपेला मी दहा दिवसांची सुट्टी काढून आले ती एक प्रश्न घेऊनच. मी राहते होसूरला, तिकडे तमिळनाडूत. गाड्यांच्या आत तारांचे जे जुडगे असतात ते बांधायच्या कारखान्यात अकरा वर्षं आहे. निघायच्या आदल्या दिवशी आमच्या लाइनच्या मुख्य सेल्वीअक्का म्हणाल्या, पहिल्या तारखेला अकरा नव्या पोरी येतायत, त्यांना तू शिकवायचं. रविवारी संध्याकाळपर्यंत फोन करून हो की नाही ते सांग. मी म्हटलं, सोचके बताती. आणि नागपूर स्टेशन येईपर्यंत सोचलं, म्हणजे काही खाल्लं नाही.

मी नववीत शाळा सोडली. का सोडली ते सांगत बसत नाही. शाळा सुटली तरी शाळेची भीती सुटत नाही, एवढं सांगते. अजून कुणी हातात फॉर्म दिला, की माझ्या हाताला घाम येतो. येणाऱ्या पोरींत बारावी झालेल्या आहेत, दोघी-तिघी आयटीआयच्या. त्यांच्यापुढे उभं राहून मी काय बोलायचं? माझ्याजवळ शिक्षण नाही, भाषा धड एकही नाही, उंची नाही. जगात माझ्याजवळ एकच सर्टिफिकेट होतं, आणि ते पायात होतं. होसूरच्या पहिल्या महिन्यात, जेवणाच्या सुट्टीत एकटी बसलेली असताना, मी मनात म्हणत असे : यांना माहीत नाही, पण मी पायाळू आहे. मग डब्यातला भात खाली उतरे.

* * *

लाथेचे नियम होते. दिवस रविवार. सूर्य निघायच्या आत. रोग्यानं काही खाल्लेलं नसावं, मी खाल्लेलं नसावं. डावा पाय, तीन वेळा. मारताना कुणी बोलायचं नाही. जाताना रोग्यानं मागं वळून बघायचं नाही. आणि पैसे घ्यायचे नाहीत, घेतले तर गुण जातो. मायनं हा शेवटचा नियम थोडा वाकवून घेतला होता. पैसे नाही, पण घरचं काही आणलं तर गुणाला चालत असे.

त्यामुळे मला ऋतू लोकांच्या कमरेवरून कळत. शाळेच्या पुस्तकात तीनच ऋतू होते, माझ्याकडे सहा-सात. मृगाच्या सुमारास पेरणीच्या कमरा येत. त्यांना ओल्या मातीचा आणि बैलाच्या घामाचा वास, आणि त्या हातात काहीच घेऊन येत नसत, कारण तेव्हा कुणाच्याच घरी काही नसे. श्रावणात निंदणाच्या बाया येत. त्यांच्या लुगड्यांना चिरडलेल्या गवताचा असा हिरवा वास, की लाथ मारताना मला शिंक येई, आणि शिंक आली की माय म्हणे, ही लाथ धरू नका, पुन्हा मार. दिवाळीनंतर कापूस वेचणाऱ्या. त्यांच्या केसांत कापसाचे तंतू अडकलेले, बोटांना बोंडांनी केलेल्या चिरा, आणि पदरात तुरीच्या ओल्या शेंगा. मग गव्हाच्या कापणीच्या कमरा, भुसा लागलेल्या. आणि उन्हाळ्यात लग्नसराईच्या. त्या बहुतेक पुरुषांच्या असत. वरणाचं गंज, म्हणजे मोठं पातेलं, उचलताना गेलेल्या. त्यांना बामाचा, लवंगेच्या तेलाचा आणि कालच्या बुंदीचा वास येई. बुंदी ते सोबतही आणत. मला लग्नाच्या कमरा सगळ्यांत आवडत.

मी सहा वर्षांची असताना पहिली लाथ मारली, ती माझ्या मामाला. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो, भाचीनं पडायचं नसतं. त्यामुळे मामाला काही अवघड वाटलं नाही. उलट तो म्हणाला, "एरवीबी पाय धरतोच ना बापा, आता पायच कमरीपाशी आला." पण माझा पाय त्याच्या कमरेपर्यंत पोचेना. मग मायनं मला दूध काढायच्या पाटावर उभं केलं. पाट हलला, मी हलले, आणि लाथ मामाच्या मांडीला लागली. मामा म्हणाला, "गेली! चमक गेली!" आता वाटतं, दुसरी लाथ चुकवायला म्हणाला असेल.

पायाळू असण्याचा त्रास एकच. आमच्याकडे म्हणतात, पायाळू माणसाला वीज ओढते. त्यामुळे आभाळात जरा गडगडलं की गावात जिथे असेन तिथून मला हाका. लंगडी ऐन रंगात यावी, माझ्यावर राज्य नसावं, आणि कुठूनतरी कुणीतरी ओरडावं, "अवं पायाळूले घरात घाला!" मैत्रिणी हसत घरी सोडायला येत. पण जोडीनं चालायला कुणी तयार नसे, दहा पावलं लांबून सोडत. वीज आली तर त्यांच्यावर उडू नये म्हणून.

* * *

आणि गुरुजी. ढोबळे गुरुजींची गोष्ट सांगितल्याशिवाय तो खांब पुरा होत नाही.

मी सहावीत होते. गुरुजी आम्हाला विज्ञान शिकवत. एका गुरुवारी त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : का? कसे? कशावरून? आणि म्हणाले, जगात कुठलीही गोष्ट या तीन प्रश्नांतून गेल्याशिवाय मान्य करायची नाही. मांजर आडवं गेलं तर काय होतं? वर्ग म्हणाला, काही नाही. पायाळूनं लाथ मारली तर कंबर बरी होते का? वर्गानं वळून माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही पाय बाकाखाली घेतले. गुरुजी म्हणाले, "विज्ञान हे मानत नाही." मला त्यांचं पटलं. मोठ्या माणसांचं मला लगेच पटतं. घरी जाऊन मायला म्हटलंसुद्धा, माय, विज्ञान हे मानत नाही. माय म्हणाली, "विज्ञानाची कमर अजून गेली नसन."

त्याच आठवड्यातल्या रविवारी, धुकं पडलेलं असताना, मागच्या वाटेनं डोक्यावरून घोंगडी घेतलेला एक माणूस आला. काठीसारखा नाही, काठीच्या मुठीसारखा वाकलेला. घोंगडी बाजूला झाली तर गुरुजी.

"या गुरुजी," माय म्हणाली. "काय झालं जी?"

"काही नाही. विहिरीवर बादली उचलली. तुमच्या मुलीकडे थोडं काम होतं."

"अभ्यासाचं?"

"अभ्यासाचं नाही," असं म्हणून गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. वाकलेले असल्यामुळे त्यांना माझ्याकडे वरून नाही, समोरून बघावं लागत होतं. "हे बघ, हा प्रयोग आहे. विज्ञानात प्रयोग करून पाहावा लागतो. समजलं?"

"हो गुरुजी."

"निष्कर्ष वर्गात सांगायची गरज नाही."

"नाई गुरुजी."

त्यांनी खांब धरला. मी म्हटलं, "गुरुजी, जरा चालून दाखवता?"

"कशाला? तू मार."

"चालून दाखवा ना."

ते बदकासारखे चार पावलं चालले. मी म्हटलं, "डावीकडं दुखते."

"तुला कसं कळलं?"

"डावा पाय मोजून टाकून राह्यले तुम्ही."

हे मी सगळ्यांनाच करायला लावत असे. का, ते मला माहीत नव्हतं. नियमांत ते नव्हतं. पण माणूस चालताना कुठे थबकतो ते बघितल्याशिवाय माझा पाय उचलत नसे.

पहिली लाथ मी इतकी हळू मारली, की गुरुजी म्हणाले, सुरू कर. दुसरीही तशीच. माय चिडली, "अवं मार ना बराबर! गुरुजीचा अपमान करतं का?" तेव्हा मला सहामाहीचा विज्ञानाचा पेपर आठवला. वीसपैकी दोन दिले होते गुरुजींनी, आणि वर लाल शाईत 'प्रयत्न करा.' मी प्रयत्न केला. तिसरी लाथ बसली आणि गुरुजींचा हात खांबावरून सुटला, ते समोरच्या कुटाराच्या, म्हणजे गुरांच्या भुशाच्या, ढिगात गेले. कोंबडी ओरडत बाहेर आली. माय "अगं माय" म्हणून खाली बसली. मग ढिगातून गुरुजी उठले. हळूहळू, टप्प्याटप्प्यानं, आणि सरळ उभे राहिले. अंगावरचं कुटार झटकत म्हणाले, "हं."

लाथ मारल्यावर मी गुरुजींच्या पाया पडायचं होतं, कारण ते गुरुजी. आणि गुरुजींनी माझ्या पाया पडायचं होतं, कारण मी पायाळू. दोघं एकदमच वाकलो. डोकी आपटली. कपाळावर टेंगूळ घेऊन गुरुजी, मागं न बघता, धुक्यात गेले. सोमवारी वर्गात त्यांच्या हातून खडू पडला. त्यांनी तो वाकून उचलला, कपाळाला हात लावत माझ्याकडे बघितलं, आणि पटकन पचनसंस्था शिकवायला लागले.

* * *

शनिवारी दुपारी मी आणि माय अंगणात तुरीचे सोले काढत बसलो होतो. सोले म्हणजे तुरीच्या शेंगांतले ओले दाणे. शेंगा सोलताना बोटांना काळपट चिकट रंग लागतो, आणि तो वास होसूरला कुठेही मिळत नाही, मी दोन बाजार शोधून बघितले. ऊन पाठीवर होतं. अशा वेळी माणूस बोलून जातो. मी मायला सेल्वीअक्कांचं सांगितलं.

"माय, मले जमन का व? बारावी झालेल्या पोट्ट्या हायेत. माह्याजवळ काय हाय? पायाळू हाय, तेवढंच."

मायचा हात थांबला. तिनं हातातली शेंग सोलून दाणे टोपल्यात टाकले, टरफल बाजूला टाकलं, आणि म्हणाली, "तू पायाळू नाईस."

"काय?"

"डोक्याकडूनच आली तू. चांगली, सगळ्यायसारखी."

मला वाटलं, मायचं वय झालं. मी तिच्या कपाळाला हात लावला. तिनं तो झटकला.

"तुयाआधी दोघी पोरीच होत्या. तिसरीबी पोरगी म्हनल्यावर तुया आजीनं वाटायसाठी काढलेला गूळ परत डब्यात टाकला, झाकन लावलं. गोदाबाई सुईन दारात उभी होती, तिनं पाह्यलं. एवढ्या जोरात बोलली गोदाबाई, गल्लीत आयकू गेलं : बुढे, पायाळू हाय पोरगी, पायाळू! नशीब काढलं तुम्ही. आजीनं डबा उघडला."

"अन् तू काऊन बोलली नाईस?"

"मी कायले बोलू? मले गूळ पाह्यजे होता."

असं म्हणून माय हसायला लागली. पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पस्तीस वर्षं दाबून ठेवलेलं हसू होतं ते, लवकर संपेना. माझ्या डोळ्यांसमोरून शे-दोनशे कमरा एकामागून एक चालत गेल्या. सरपंचाची कमर. पोलीस पाटलाची. एका नवरदेवाची, हळद लागलेली.

"मंग त्या बऱ्या कशा झाल्या?" मी विचारलं.

"तीन-चार दिवसांत कमर अशीबी बरी होते. लोक दोन दिवस कण्हत आणि मंग येत."

"अन् ज्यायच्या बऱ्या नाई झाल्या?"

"ते कायले वापस येतीन सांगाले? लाथ खाल्ली म्हनून कोन सांगते गावभर?"

"अन् विजेचं? जरा गडगडलं का मले घरात कोंडत होते!"

"ते मी चालू ठेवलं," माय डोळे पुसत म्हणाली. "पोट्टी टायमावर घरी येत होती."

मी उठून गोठ्यात गेले. खांबापाशी उभी राहिले. राग येत होता, पण कुणावर ते ठरत नव्हतं. गोदाबाई जाऊन वीस वर्षं झाली. नाकाला मोठी मोरणी, तंबाखूचा वास, आणि मी दिसले की मोठ्यानं हसणारी. तिला सगळं माहीत होतं. त्या म्हातारीनं दारात उभ्याउभ्या एक वाक्य टाकलं आणि मला घरात जागा करून दिली. नसतं टाकलं, तरी मी घरात राहिलेच असते, पण गुळाशिवाय. तिचे आभार कसे मानायचे? आणि आभार मानायचे, तर मग माझ्याजवळ काय उरलं? होसूरला त्या भाताच्या डब्यासमोर मी कुणाच्या जिवावर बसत होते? रात्री जेवताना मी मायला सांगून टाकलं, उद्या फोन करून नाही म्हणते. माय म्हणाली, "तुया मनानं कर." ती असं म्हणाली की समजावं, तिला पटलेलं नाही.

* * *

रविवारी उजाडता उजाडता दारात रिक्षा थांबली. आतून आधी एक काठी आली, मग एक्स-रेचं मोठं पिवळं पाकीट, मग ढोबळे गुरुजी. ऐंशीच्या घरात. कमरेला नागपूरच्या डॉक्टरनं दिलेला पट्टा, तो स्वेटरच्या वरून बांधलेला.

"कळलं तू आलीस म्हणून," ते म्हणाले. "काही खाल्लं तर नाहीस ना? मीही नाही." आणि चालत थेट गोठ्याकडे निघाले.

"गुरुजी, थांबा."

"हा प्रयोगच आहे," ते मागं न बघता म्हणाले. "फक्त दुसऱ्यांदा."

गोठ्याच्या दारात मी त्यांच्या आडवी गेले. मोठ्या माणसाला तुम्ही चुकलात असं सांगणं मला जमत नाही, आणि इथे खोटी मीच होते. एका श्वासात बोलले, "गुरुजी मी पायाळू नाई. मले काल समजलं. गोदाबाईनं खोटं सांगितलं होतं. मी तुमाले लाथ मारली ती अशीच होती. माफ करा."

गुरुजी काठीवर रेलले. मला वाटलं, रागावतील. ते मोटारसायकलवरच्या पोत्यांवर हळूच बसले.

"मग मी तरी कुठं विज्ञानाचा होतो?"

"म्हणजे?"

"माझं बी.ए. मराठीचं. विज्ञानाचा मास्तर यायचा होता, तो आला नाही. मोठे गुरुजी म्हणाले, ढोबळे, दोन महिने सांभाळा. एकोणीस वर्षं सांभाळलं."

मायनं चहाची कपबशी घेऊन दारातच थांबून विचारलं, "अन् तुमाले येत होतं का?"

"कुठलं येतं? पहाटे उठून धडा वाचायचो, दहाला येऊन शिकवायचो. पोरांच्या एक धडा पुढं, बस. आणि भीती? शाळेत यायच्या आधी दोनदा परसाकडं जायचो. बायको म्हणे, तुम्ही शिकवता की परीक्षा देता?" ते हसले, आणि हसल्यानं कंबर दुखली म्हणून थांबले. "आणि मला येत नसलेलं कुणी विचारलं की मी काय म्हणायचो, आठवतं?"

मला आठवलं. चष्मा काढून, रुमालानं पुसून, 'प्रश्न उत्तम आहे. यावर उद्या बोलू.' आम्हाला वाटे, केवढे विद्वान, एका दिवसात मावत नाही यांचं उत्तर.

"रात्री सायकलनं हिंगणीला जायचो, तिथं एक मास्तर होते त्यांना विचारायला. कमर त्यानंच गेली असेल."

"मंग आमाले कधी समजलं कसं नाई?"

"तुम्हाला कशाला समजेल? तुम्ही मला घाबरत होता. मी तुम्हाला घाबरत होतो. बरं चाललं होतं."

मग काय झालं कुणास ठाऊक, तोंडातून निघून गेलं, "गुरुजी, जरा चालून दाखवता?"

ते चालले. अंगणाच्या टोकापर्यंत आणि परत. आता डावा नाही, दोन्ही पाय मोजून टाकत होते, आणि उठताना पहिला जोर कमरेवर नाही, हातांवर देत होते. मी विचारलं, "झोपता कशावर?"

"बाजेवर."

"तिची नवार ढिली झाली का?"

"ढिली? झोळी झाली आहे. सून म्हणते, नातवाला झुलवता येईल."

"मंग आजपासून खाली झोपा. सतरंजी टाकून. अन् उठताना कुशीवर होऊन उठजा."

गुरुजींनी पाकिटाकडे बघितलं. "हे त्या फोटोत नाही दिसलं त्यांना."

"फोटो काढला तेव्हा तुमी बाजेवर नव्हते ना."

माय दारातून म्हणाली, "हे तं लाथेहून भारी झालं." गुरुजी उठले, खांबाशी गेले, काठी टेकवली, आणि त्या चमकत्या पट्ट्याला दोन्ही हातांनी धरलं.

"हं. आता मार."

"गुरुजी! आत्ता तं सांगितलं तुमाले."

"ऐकलं ना. मार. एवढ्या थंडीत आलो आहे."

"नाई गुरुजी."

पस्तीस वर्षांत मी मोठ्या माणसाच्या सांगण्याला पहिल्यांदा 'नाई' म्हटलं. ऐंशी वर्षांची हाडं, नागपूरचा पट्टा, मी कशी मारणार? पण त्या शब्दानं मीच दचकले. गुरुजी वाकलेलेच, मान वळवून बघत होते, पोरगा खाऊ मागतो तसे. शेवटी मी त्यांच्या कमरेवर हात ठेवला. स्वेटरवरून, पट्ट्यावरून. थोडा वेळ तसाच ठेवला.

"गरम आहे," गुरुजी म्हणाले. "हेही चालेल."

* * *

संध्याकाळी मी सेल्वीअक्कांना फोन लावला. आमची दोघींची भाषा म्हणजे त्यांचं तमिळ हिंदी आणि माझं वऱ्हाडी हिंदी.

"क्या सोचा?"

"अक्का, मैं नववी तक ही पढ़ी है."

"मालूम. फॉर्म में तुमने लिखा, मैंने पढ़ा. ग्यारह साल पहले."

"फिर मेरे को क्यों?"

तिकडे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. अक्का म्हणाल्या, "तुम्हारे बाजू में जो लड़की बैठता, उसका हाथ कभी नहीं दुखता. दूसरा लाइन में सबका दुखता. तुम उसका स्टूल ठीक करता, हाथ पकड़के दिखाता. मैं देखती. अब बोलो, हाँ या ना? मेरा सांबार जलता."

मी अंगणात उभी होते. मायनं चूल पेटवली होती. शेजारच्या घरी कापूस आला होता, गाडीतून उतरवत होते, आणि एक म्हातारी ओरडून सांगत होती, वाकून उचला रे, कमरी जातीन. गावात आता कुणी कुणाला लाथ मारत नाही. बाम आहे, गोळ्या आहेत, रिक्षा थेट सेलूपर्यंत जाते. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं, आणि त्यातलं कुठलं जास्त ते बघायच्या आत मी म्हणून बसले, "सरी, अक्का." तमिळमध्ये सरी म्हणजे बरं.

* * *

पहिल्या तारखेला मी तीन ग्लास पाणी प्यायले आणि दोनदा बाथरूमला जाऊन आले. अकरा पोरी रांगेत उभ्या होत्या. निळे डगले, नव्या चपला, डोळे माझ्याकडे. ओडिशाच्या चार, झारखंडच्या तीन, बाकी जवळपासच्या. मी त्यांना बोर्ड दाखवला. लाकडाचा मोठा फळा, त्यावर खुंट्या, खुंट्यांमधून रंगीत तारा न्यायच्या, जुडगा करायचा, टेप गुंडाळायची, आणि शेवटी त्यावर प्लॅस्टिकचं झाकण बसवायचं. माझे हात चालत होते आणि तोंड हिंदीत अडखळत होतं. कुणी हसलं नाही. त्या माझ्या हातांकडे बघत होत्या.

तेवढ्यात टोकाच्या एका पोरीनं हात वर केला. आयटीआयची. एवढीशी, दोन वेण्या.

"दीदी, सब तार ऊपर से. लाल वाली नीचे से क्यों?"

मी लाल तारेकडे बघितलं. अकरा वर्षं मी ती खालून घेत आले. पहिल्या दिवशी कुणीतरी घेऊन दाखवली, मी घेतली, माझं बघून शेजारचीनं घेतली. का, हे मी विचारलं नाही. विचारायचं असतं, हेच कधी वाटलं नाही. मी हात डगल्याला पुसले. सगळ्या थांबल्या होत्या. उद्या सांगते म्हणायचं तोंडावर आलं होतं.

"मालूम नहीं," मी म्हटलं. "ऊपर से लेके देख."

तिनं घेतली. वरून, बाकीच्यांसारखी. मी टेप दिली, तिनं गुंडाळली. जुडगा छान दिसत होता, नेहमीच्यापेक्षा नीट. दहा डोकी फळ्यावर वाकली. तिनं झाकण ठेवलं आणि दाबलं. मी दाबलं. मग दोघींनी मिळून दाबलं.

झाकण बसेना.

"अच्छा," ती म्हणाली, "इसलिए."

"हां," मी म्हटलं, "इसलिए." आणि खरं सांगते, मलाही ते तेव्हाच कळलं.